हाताला येते ते दुसऱ्याला कसे शिकवावे?

प्रश्न

हे पत्र खानापूर तालुक्यातल्या एका गावातून आले आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई शेहेचाळीस वर्षांच्या असून लग्न होऊन आल्यापासून घरी शिवणकाम करतात. हे काम त्या चुलत सासूबाईंच्या शेजारी बसून, बघून बघून शिकल्या. कोणत्याही क्लासला गेल्या नाहीत आणि त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. गावात आणि आसपासच्या वाड्यांत त्यांच्या ब्लाउजना चांगले नाव आहे. आता गल्लीतल्या पाच जणी 'आम्हाला शिकवा' म्हणून मागे लागल्या आहेत. त्यांपैकी दोघी कन्नड बोलणाऱ्या घरांतल्या आहेत. जाऊबाईंचे म्हणणे असे, की शिकवलेस तर उद्या त्याच तुझी गिऱ्हाइके नेतील. यजमान म्हणतात, आता सगळे तयार कपड्यांवर आले आहे, बेळगावच्या बाजारात हवा तसा ब्लाउज मिळतो. शिकवण्यात वेळ घालवण्यापेक्षा घरात किराणा माल ठेव. यापूर्वी ताईंनी भाचीला शिकवून पाहिले होते. तिला मशीन चालवता आले, पण तिने शिवलेला एकही ब्लाउज अंगाला बसला नाही. 'माझा हात आपोआप चालतो, मला ते सांगता येत नाही, म्हणजे मला शिकवता येत नाही,' असे ताई लिहितात. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात असलेल्या त्यांच्या मुलीलाही शिवण शिकायचे आहे. पण 'शिकलेल्या मुलीने माझ्यासारखे मान मोडून बसू नये' म्हणून त्यांनी तिला मशीनपासून लांब ठेवले आहे. शिकवावे की नको, असे त्या विचारतात.

उत्तर

ताई, नमस्कार.

उत्तर आधी सांगते आणि कारणे मागाहून देते: शिकवा. फक्त भाचीला ज्या रीतीने शिकवले त्या रीतीने शिकवू नका, आणि शिकवायला बसण्यापूर्वी तुम्ही मनाशी धरून ठेवलेल्या काही गोष्टी एकदा तपासून पाहा, कारण त्यांतल्या बऱ्याचशा चारचौघांच्या बोलण्यातून तुमच्या मनात रुजल्या आहेत. तुमचा स्वतःचा अनुभव त्यांना दुजोरा देत नाही.

भाचीपासूनच सुरुवात करू. त्या प्रसंगातून तुम्ही 'मला शिकवता येत नाही' असा निष्कर्ष काढला आहे. पण तिला मशीन चालवता आले, हेही तुम्हीच लिहिता. म्हणजे तुम्ही जे शिकवले ते ती शिकली. कपडा अंगाला बसवणे हा त्यापुढचा, वेगळा विषय आहे, आणि तो शिकवण्याचा विषय आहे हेच तेव्हा तुमच्या लक्षात आले नसावे. गावाकडचे बहुतेक काम मापाच्या ब्लाउजवर चालते. बाई जुना ब्लाउज आणून देते, आपण तो कापडावर पसरून खडूने आखतो आणि कापतो. भाचीलाही तुम्ही असाच एक ब्लाउज दिला असणार, असा माझा अंदाज आहे. आता तुमचा स्वतःचा हात अशा वेळी काय करतो ते बारकाईने पाहा. जुना ब्लाउज धुऊन धुऊन ताणला गेला आहे, हे पसरतानाच तुमच्या बोटांना कळते. एका बाजूची शिवण कधीतरी उसवून सैल केली आहे, हे दिसते. ती बाई मागच्या दिवाळीपेक्षा अंगाने भरली आहे, हे ती दारात उभी असतानाच तुमच्या नजरेने टिपलेले असते. म्हणून तुमचा खडू जुन्या ब्लाउजच्या कडेकडेने जात नाही. काखेपाशी अर्धा इंच बाहेर सरकतो, गळ्यापाशी बोटभर आत येतो. भाचीचा खडू मात्र कडेकडेने इमानाने गेला. जुन्या ब्लाउजमधली प्रत्येक चूक तिने नव्या कापडावर उतरवली, आणि माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, किती सोडायची हे ठाऊक नसल्यामुळे दुरुस्तीलाही जागा राहिली नाही.

तुमची विद्या त्या सरकलेल्या अर्ध्या इंचात आहे. भाकरी करणाऱ्या बाईला पाणी किती घालायचे असे विचारले तर ती 'पीठ मागेल तेवढे' म्हणते. म्हणून तिला सांगता येत नाही असे आपण समजत नाही, तिच्या शेजारी बसून पाहतो. तुमच्याही शेजारी कोणीतरी वही घेऊन बसायला हवे. पुढचे काही ब्लाउज कापताना, जिथे जिथे खडू जुन्या कडेपासून हलेल तिथे तिथे तिने 'का?' एवढेच विचारायचे आणि तुम्ही जे सांगाल ते तुमच्याच शब्दांत लिहून ठेवायचे. सुरुवातीला तुम्ही 'असेच' म्हणाल. तिने पुन्हा विचारायचे. अशा रीतीने जी वही भरेल ती तुमच्या वर्गाचे पाठ्यपुस्तक होईल, आणि ते बाजारातल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा तुमच्या गावच्या बायकांना जास्त लागू पडेल. हे काम कोणी करावे, ते पुढे सांगते.

त्या वहीत काय काय येईल, याची थोडी कल्पना मी देऊ शकते. पाठीत वाकलेल्या वयस्कर बाईला नेहमीच्या मापाचा ब्लाउज मागून वर चढतो आणि पुढे त्याला झोल पडतो, कारण तिच्या पाठीची लांबी वाढलेली आणि पुढची कमी झालेली असते. तिच्यासाठी मागचा भाग लांब आणि पुढचा आखूड कापावा लागतो. हुकेही मोठी आणि पुढच्या बाजूला हवीत, कारण बोटे आखडलेली असतात. वर्षानुवर्षे एकाच बाजूला ओझे वाहिलेल्या बाईचे दोन्ही खांदे सारखे राहत नाहीत, म्हणून दोन्ही बाजू एकत्र दुमडून कापल्या तरी शिवताना एका खांद्याला थोडा जास्त दाब द्यावा लागतो. शेतात राबणाऱ्या बाईच्या दंडाचे माप हात सरळ सोडून घेतले, तर कोपर वाकवताच बाही आवळते. ते माप हात दुमडून घ्यावे. बाळंतपणानंतर अंगात फरक पडत राहतो, म्हणून अशा बाईच्या ब्लाउजला कुशीत भरपूर माया सोडावी आणि पुढे तो सैल किंवा घट्ट करता येईल असे टाके ठेवावेत. यातली एकही गोष्ट तुम्हाला नवीन नसेल. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या सुनेला मात्र ती ऐकल्याशिवाय कळणार नाही.

मुंढ्याविषयी, म्हणजे बाही जोडण्यासाठी काखेपाशी कापलेल्या गोलाईविषयी, थोडे सविस्तर लिहिते, कारण नवशिक्या हातांच्या बहुतेक चुका तिथे होतात. हात वर केला की ब्लाउज वर चढतो, अशी तक्रार आली की नवी मुलगी मुंढा आणखी खोल कापते. जागा वाढली की हात मोकळा होईल, असे तिला वाटते, आणि घडते उलटे. मुंढा जितका खाली जातो तितकी बाही ब्लाउजला खालच्या बाजूला जोडली जाते, आणि हात उचलताच ती कुशीची सगळी बाजू वर ओढून घेते. मुंढा काखेच्या जवळ ठेवला आणि बाहीला दंडापाशी पुरेशी रुंदी दिली, तरच हात मोकळा हलतो. हे नुसते सांगून कोणाला पटत नाही. त्यापेक्षा प्रत्येकीला मांजरपाटाचा एक ब्लाउज शिवायला लावा, ज्याचा एका बाजूचा मुंढा मुद्दाम खोल आणि दुसऱ्या बाजूचा काखेला लागून असेल. मग तो घालून, एकदा डावा आणि एकदा उजवा हात उंच करून फळीवरचा डबा काढायला सांगा. कोणती बाजू ओढली जाते हे तिचे तिला कळेल आणि ती ते विसरणार नाही.

मापाच्या ब्लाउजबरोबरच टेपने अंगावर माप घ्यायला आणि कागदावर आखायला शिकवणेही आवश्यक आहे. झारापकरांच्या पद्धतीसारख्या कटिंगच्या रीती मराठी मुलखात रुजल्या, त्या छातीच्या मापावरून बाकीच्या आखणीचा हिशेब बसवता येतो म्हणून. छाती ३६ इंच असेल तर तिचा चौथा भाग ९ इंच. त्यात श्वास घेण्यापुरता सैलपणा आणि शिवणीची माया मिळवायची, आणि मग कागद दुमडून कापायचा. हे गणित चौथी शिकलेल्या बाईलाही जमते. तुम्ही स्वतः या पद्धतीने कापत नसाल तर विद्यार्थिनींबरोबरच शिका, यात कमीपणा काही नाही. गणिताने सरासरी अंगाचा ब्लाउज निघतो आणि तुमच्या वहीतल्या 'का?'च्या उत्तरांनी तो समोरच्या बाईचा होतो. ज्यांना यातले एकच येते त्यांचे काम कुठेतरी अडते, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

आता प्रत्यक्ष वर्गाविषयी. पायाची मशीन असेल तर तिच्यावरच सुरुवात करा. वेग स्वतःच्या पायात राहतो आणि वीज गेली तरी काम थांबत नाही. सुईत दोरा न ओवता, घोडा, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर ठेवून, दोन दिवस नुसता पाय चालवायला लावा. चाक उलटे फिरले की दोरा तुटतो, आणि घाबरलेल्या मुलीचे चाक नेहमी उलटे फिरते. पाय एका लयीत आला की वहीचा रेघांचा कागद घोड्याखाली घ्या आणि बिनदोऱ्याच्या सुईने रेघेवरून भोके पाडायला सांगा, मग चौकोन, मग वळणे. कोपऱ्यावर सुई खाली रोवून, घोडा उचलून, कागद फिरवायचा, हे कागदावर जमले तर कापडावर जमते. त्यानंतर दोरा ओवणे, बॉबिन भरणे, आणि लगेचच बिघाड ओळखणे शिकवा. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याच्या ताणात किंवा ओवण्यात असतो. टाके गळू लागले तर सुई वाकली आहे किंवा उलटी बसली आहे का, ते आधी पाहावे. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा कापूस काढणे आणि तेल घालणे हा पहिल्या आठवड्याचाच धडा असावा. आपल्याकडे कितीतरी घरांत लग्नात आलेली मशीन कोपऱ्यात कापड पांघरून पडलेली असते. तुमच्या पाच जणींपैकी निदान दोघींच्या घरी ती निघेल. ती साफ करून चालू करणे हाच एक चांगला धडा आहे, आणि तुमच्या एकट्या मशीनवरचा भारही त्याने कमी होईल.

शिकणारीला समोर बसवू नका, शेजारी बसवा. समोरून पाहिले की डावे-उजवे उलटे दिसते, आणि बाहीच्या पुढच्या-मागच्या बाजूचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. उसवायलाही पहिल्या दिवसापासून शिकवा. कापड न फाडता, दर चार-पाच टाक्यांनी दोरा कापून, शांतपणे शिवण मोकळी करता आली की चुकीची भीती जाते आणि हात धीट होतो. क्रम कोणता ठेवावा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळते. तरी सुचवते, की उशीचा अभ्रा, पिशवी, परकर, झबले, लहान मुलीचे परकर-पोलके आणि त्यानंतरच ब्लाउज, असे जावे. एका महिन्यात कटोरी ब्लाउज शिकवू अशा जाहिराती दिसतात. त्या वाटेने गेलेल्या मुली नमुना पाठ करून येतात आणि वेगळ्या अंगाची बाई समोर उभी राहिली की अडतात. तुमच्या विद्यार्थिनींना ब्लाउजपर्यंत पोहोचायला चार-पाच महिने लागले तर लागू द्या.

सरावाच्या कापडाची चिंता नको. ओटीत आलेले खण आणि ब्लाउजपीस प्रत्येक घराच्या ट्रंकेत साठलेले असतात. लहान मोजमापाची कामे त्यांत सहज होतात, आणि वेगवेगळ्या जातींचे कापड हाताखालून जाते: सुळसुळीत, ताठ, विरविरीत. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खरा खण मिळाला तर तो शेवटी ठेवा, कारण त्याचा पन्हा कमी असतो, काठ बाहीला कसा आणायचा याचा आधी विचार करावा लागतो आणि एक चुकीची कात्री सगळा खण वाया घालवते. सुती कापड आणि विशेषतः सुती अस्तर कापण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवण्याची सवय लावा; नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटते आणि वरचे कापड चुण्या धरते, आणि बोल शिवणारीला लागतो. कापडाचे उभे आणि आडवे धागे मुलींना समजत नसतील तर एखाद्या दिवशी सगळ्यांना घेऊन बेळगावला जा आणि वडगाव-शहापूर भागातल्या विणकरांच्या वस्तीत ओळखीने एखादा माग चालताना दाखवून आणा. उभा ताणलेला धागा कापडाला का झोल पडू देत नाही आणि तिरपी पट्टी का ताणली जाते, हे मागासमोर उभे राहिल्यावर लगेच उमगते. ११ जून २०२३पासून कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे, तेव्हा भाड्याचाही प्रश्न नाही. येताना खडे बाजारातून हुके, दोरे आणि अस्तराची खरेदीही होईल.

कन्नड घरांतल्या दोघींविषयी तुम्ही काळजीच्या सुरात लिहिले आहे. मला ती संधी वाटते. आपल्या भागातला शिंपी पूर्वीपासून दोन्ही भाषांत मापे घेत आला आहे, आणि शिवण हा मुख्यतः हाताने दाखवण्याचा विषय आहे. एक मोठा कागद भिंतीला लावा, त्यावर ब्लाउजची आकृती काढा आणि प्रत्येक भागापुढे मराठी नाव तुम्ही लिहा, कन्नड नाव त्या दोघींना लिहू द्या: छातीपुढे एदे, कमरेपुढे सोंट, बाहीपुढे तोळू. मराठी मुलींनीही ती नावे शिकावीत. उद्या बैलहोंगल किंवा सौंदत्तीकडून लग्न होऊन आलेली बाई कापड घेऊन दारात उभी राहिली, तर तिच्याशी नीट बोलून माप घेणारी कोणीतरी तुमच्याकडे असेल. आतापर्यंत अशा बायका भाषेच्या संकोचाने तुमच्याकडे न येता दुसरीकडे जात असतील, याचाही विचार करा.

जाऊबाईंच्या बोलण्यात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. पाच जणींपैकी एखादी खरोखर चांगली निघेल, स्वतःचे काम सुरू करील आणि तुमची काही गिऱ्हाइके तिच्याकडे जातील. हे घडू शकते, आणि ते मान्य करूनच सुरुवात केलेली बरी. पण जाऊबाई गावातली गिऱ्हाइके ठरावीक आहेत असे धरून चालल्या आहेत, आणि ते तपासायला हवे. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते तेव्हा तुम्ही किती जणींना 'आता जमणार नाही' म्हणून परत पाठवता? ते ब्लाउज कुठे जातात? खानापूरला किंवा बेळगावला. मेअखेरीस शाळा उघडताना गणवेशाचे काम किती सोडून द्यावे लागते? ही गिऱ्हाइके आजही तुमच्या हातून जातातच, आणि ती गावाबाहेर जातात. हुके लावणे, गळ्याची हातशिलाई, अस्तर जोडणे, फॉल लावणे ही कामे शिकलेल्या हातांकडे दिली, त्यांचे ठरलेले पैसे चुकते केले आणि कटिंग व शेवटची नजर तुमच्याकडे ठेवली, तर त्याच हंगामात तुमच्या नावावर जास्त काम बाहेर पडेल. ज्या मुलीने तुमच्या हाताखाली दोन हंगाम काम केले ती स्वतंत्र झाल्यावरही अवघड ब्लाउज घेऊन तुमच्याकडेच येते, असा अनुभव शिकवणाऱ्या बहुतेक बायकांचा आहे. चुलत सासूबाईंनीही तुम्हाला शिकवताना हा हिशेब केला असता तर तुम्ही आज कुठे असता, हे जाऊबाईंना तुम्ही गोडीत विचारू शकता.

फुकट मात्र शिकवू नका. शेजारधर्म म्हणून तुम्हाला फी मागायला अवघड जाईल, हे मी समजू शकते. तरीही बेताची का होईना, महिन्याची फी ठरवा आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. जिला जमत नसेल तिने हुके लावून किंवा मशीनची खोली झाडून ती फेडावी. फी दिलेली मुलगी वेळेवर येते, आणि तुमच्या घरातल्यांनाही हे काम आहे हे दिसते. वर्गाची वेळ गिऱ्हाइकांच्या वेळेपासून वेगळी ठेवा, आणि गिऱ्हाइकाच्या कापडावर शिकणारीला कात्री कधीही चालवू देऊ नका.

यजमानांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. रोज वापरायचे साधे ब्लाउज, कुर्ते, ताणणाऱ्या कापडाचे ब्लाउज हे काम तयार कपड्यांकडे गेले आहे आणि ते परत येणार नाही. त्याच्याशी भावात स्पर्धा करू नका. पण तयार ब्लाउज ३४, ३६, ३८ अशा ठरावीक मापांत येतो आणि माणसे तशा मापांत येत नाहीत. म्हणून तर तो घेतल्यावर 'जरा बसवून द्या' म्हणून बायका तुमच्याकडेच येतात. हे दुरुस्तीचे काम तुम्ही ओळखीपोटी अगदी थोड्या पैशांत करून देत असणार. त्याचा वेगळा दर ठरवा आणि ते शिकवण्याचाही भाग करा, कारण दुसऱ्याने शिवलेला कपडा उसवून पुन्हा जोडताना जेवढे शिकायला मिळते तेवढे नवा शिवताना मिळत नाही. यजमानांशी वाद घालण्यापेक्षा तीन महिने जमाखर्चाची वही ठेवा. शिलाई, दुरुस्ती आणि फी यांचे खाते वेगवेगळे लिहा. किराणा मालात आधी पैसा गुंतवावा लागतो आणि उधारी वसूल करावी लागते. तुमच्या कामात गिऱ्हाईक कापड घेऊन येते. वही समोर ठेवून मग दोघांनी बसून ठरवा. आकडे पाहूनही त्यांना किराणाच बरा वाटला, तर निदान तो निर्णय अंदाजावर घेतलेला नसेल.

प्रमाणपत्राची अडचण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. घरी चार जणींना शिकवायला ते लागत नाही. पण बँकेचे कर्ज, सरकारी योजना किंवा पुढे एखाद्या संस्थेत शिकवण्याची संधी यांसाठी त्याचा उपयोग होतो, म्हणून मिळवावे. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातल्या १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. तिच्यात ओळखपत्र व प्रमाणपत्र, पाच ते सात दिवसांचे पायाभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व मग २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज अशी रचना आहे. कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला तिचा लाभ मिळतो आणि अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडून होते. सध्या नोंदणी चालू आहे का, याची चौकशी पंचायतीत आणि सीएससी, म्हणजे सामान्य सेवा, केंद्रात करा. नोंदणीला पैसे पडत नाहीत, तेव्हा मध्यस्थाला काही देऊ नका. विद्यार्थिनींपैकी एखादीला लवकर आणि पद्धतशीर शिकायचे असेल तर बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आरसेटीत, शिवणाचे मोफत निवासी वर्ग होतात. १९८२ साली दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या उजिरे येथे सुरू झालेल्या रुडसेटी या प्रशिक्षण संस्थेच्या धर्तीवर त्या देशभर उभ्या राहिल्या. वर्षभराचे शिक्षण हवे असेल तर आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग आणि सुईंग टेक्नॉलॉजी हे अभ्यासक्रम आहेत. यांतून शिकून आलेल्या मुलीला मशीन आणि आखणी तुमच्यापेक्षा वेगळ्या रीतीने येईल. तिला परकी समजू नका, तिच्याकडून आखणी घ्या आणि तिला अंग ओळखायला शिकवा.

आता मुलीविषयी. ताई, तुमच्या पत्रातली हीच ओळ मला सगळ्यांत जास्त खटकली. वीसेक वर्षे ज्या कामावर तुम्ही संसाराला हातभार लावला, ज्या कामासाठी गावात तुम्हाला मान आहे, ते काम मुलीच्या शिक्षणाला शोभणार नाही असे तुम्ही मानता. मुलीने हेच करून पोट भरावे, असे माझे म्हणणे नाही; तिने बी.कॉम. पुरे करावे आणि तिला हवे ते करावे. पण ती स्वतःहून शिकायला मागते आहे. हाताने एखादी वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडवण्याचे समाधान पदवीच्या अभ्यासात सहसा मिळत नाही, आणि ते तिला आईकडून मिळू शकते. मान मोडण्याचे म्हणाल तर ती शिवणाने कमी आणि बैठकीने जास्त मोडते. बसायचे स्टूल थोडे उंच करा, मशीन खिडकीपाशी अशी लावा की उजेड डावीकडून येईल, डोळे तपासून चष्मा घ्या, आणि तासाभराने उठून चार पावले चाला. हे तुमच्यासाठी आजच करा. विद्यार्थिनीही तुम्हाला पाहूनच बसायला शिकतील.

आणि ज्या वहीविषयी मी वर लिहिले, ती वही मुलीच्या हाती द्या. 'का?' विचारायला तिच्यासारखी योग्य व्यक्ती तुम्हाला सापडणार नाही: तिला लिहिण्याची सवय आहे, ती तुमच्याशी संकोचाने वागणार नाही आणि 'असेच' या उत्तरावर ती गप्प बसणार नाही. जमाखर्चाची वहीही तीच लिहू शकेल. कॉमर्सच्या विद्यार्थिनीला ते अवघड नाही. कॉलेज सांभाळून रविवारी सकाळी दोन तास तिने तुमच्या कटिंगच्या पाटाशेजारी बसावे, आणि पाच जणींचा वर्ग सुरू होईल तेव्हा सहावी म्हणून तिनेही कागदावर रेघा शिवण्यापासून सुरुवात करावी. पहिल्या वर्गात माप घ्यायला शिकवाल तेव्हा तिचे माप तुम्ही घेऊ नका, कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणीला घेऊ द्या. तुम्ही बाजूला उभ्या राहा आणि टेप पाठीवर सरळ आहे की खाली उतरला आहे, तेवढे पाहा.